दुसरीच्या हातचा घास

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा आहे, तिथे इस्त्रीवालीचा धंदा होता. एक उंच टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, कोळशाची जड इस्त्री आणि मागे कपड्यांची गाठोडी. जिना उतरत उतरत जिथे जमिनीला टेकतो, त्या कोपऱ्यात एक गादी असायची आणि गादीवर तिची मुलगी.

मुलीला सगळे मैना म्हणत. तिला बोलता येत नसे, पण खूश असली की शीळ घातल्यासारखा बारीक आवाज काढायची. जन्मताना रडायला उशीर झाला, मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले होते. हातपाय ताठ, मान कधी धरेल कधी नाही, पाठीला उशा लावल्याशिवाय बसणं नाही. डोळे मात्र चौफेर. जिन्यावरून कोण गेलं, कोण परत आलं, कुणाच्या हातात पिशवी होती, सगळं त्या डोळ्यांना ठाऊक.

मैनेला भरवणं हे सोपं काम नव्हतं. घास जरा मोठा झाला की ठसका. मान मागे गेली की ठसका. इस्त्रीवाली मऊ भात बोटांनी लगदा होईपर्यंत कुस्करायची, मुलीला मांडीत तिरकी घ्यायची, हनुवटीखाली एक बोट लावायची आणि घास जिभेच्या बरोब्बर मध्यावर ठेवून थांबायची. एकेक जेवण म्हणजे तासाभराची चाकरी. सासूने करून पाहिलं, सख्ख्या बहिणीने करून पाहिलं. मैनेने दोघींच्या अंगावर भात उडवला.

"माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही हो," असं इस्त्रीवाली गिऱ्हाइकांना सांगायची. सूर तक्रारीचा असायचा, पण चेहरा नवा दागिना दाखवणाऱ्या बाईचा. आणि का नसावा? नवरा ट्रकवर, महिन्यातून कसाबसा दोनदा घरी. हातात पैसा टिकत नव्हता, अंगावर धड कपडा नव्हता. आख्ख्या जगात तिच्या एकटीचं असं एवढंच होतं, की एक जीव फक्त तिच्या हातून जेवतो.

मग एके दुपारी मैनेला पाणी पितानाच ठसका लागला. वाटी उशीला टेकवून तिच्या तोंडाशी ठेवलेली, आई टेबलाशी. इस्त्रीवालीने हातातली इस्त्री होती तिथेच टाकली आणि धावली. मुलगी सावरली, पण मागे एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला, आणि कलंडलेल्या इस्त्रीतून एक निखारा घरंगळत येऊन गादीच्या कडेला लागला. धूर झाला, आरडाओरडा झाला, वरून आम्ही बादल्या घेऊन धावलो. कुणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळी इमारतीचे मालक खाली उतरले.

"बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण विस्तवाजवळ पोर नको. उद्या काही झालं तर तुम्हीही जाल आणि मीही. धंदा ठेवा, नाहीतर पोर ठेवा."

धंद्याशिवाय चूल पेटत नव्हती, आणि पोर टाकता येत नव्हतं. म्हणून इस्त्रीवाली शेवटी नर्सबाईंच्या खोलीवर गेली.

नर्सबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली बाई. आवाज खर्जातला, चाल शिपायाची. गल्लीच्या टोकाला सायकलचं एक दुकान बंद पडलं होतं. ते त्यांनी मालकाच्या मागे लागून लागून पदरात पाडून घेतलं आणि वस्तीतल्या अशा मुलांच्या आयांना गोळा केलं. कुणी धुणीभांडी करणारी, कुणी विटा वाहणारी, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला. नियम सरळ होता. प्रत्येकीने आठवड्यातून एक दिवस खोलीवर राबायचं, सगळ्यांच्या मुलांना सांभाळायचं, आणि उरलेले दिवस मोकळ्या मनाने कामावर जायचं. भिंतींना अजून तेलाचा वास होता. जिथे सायकली टांगत, त्या कड्यांना आता चादरींचे झोपाळे होते.

"माझी मैना दुसरीकडे खात नाही," इस्त्रीवालीने आधीच सांगून टाकलं.

"भूक लागली की खाईल," नर्सबाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नाही, बाई. ती उपाशी राहील, पण तोंड उघडणार नाही."

"बघू या. आज कोणाची पाळी आहे? धांदल, इकडे ये."

धांदल हे तिचं खरं नाव नव्हतं, पण दुसरं कुठलं कुणाला आठवतही नव्हतं. सिनेमागृहात झाडलोट करायची. पायात एक चप्पल एका जोडीतली, दुसरी दुसऱ्या. बटणं वरखाली लावलेली. ती आली तीच हातातलं भांडं सांडत. तिच्या मागोमाग तिचा मुलगा आला, वयाने चौदा-पंधरा, अंगाने थोराड, समज मात्र तीन वर्षांच्या मुलाएवढी. भेटेल त्या पुरुषाशी हस्तांदोलन करायचा, म्हणून त्याला सगळे साहेब म्हणत. बाईमाणूस दिसलं की मात्र तो हात पसरून म्हणायचा, "आई!"

इस्त्रीवालीलाही तो तेच म्हणाला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिची नजर धांदलीच्या नखांवर होती.

"नखं काप आधी," ती म्हणाली. मग घास केवढा, मान कशी, बोट कुठे, सगळं दोनदा समजावलं. धांदल "हो हो" म्हणत राहिली, आणि मध्येच "थांब हां" म्हणून दुसऱ्याच मुलाचं नाक पुसून आली.

त्या दिवशी इस्त्रीवालीने कपडे केले ते कसे केले तिचं तिला माहीत. कान गल्लीच्या टोकाला. मैनेचं रडणं ऐकू येईल, मग कुणीतरी धावत येईल, "चला हो, तुमच्याशिवाय ऐकत नाही," मग आपण इस्त्री खाली ठेवू आणि जाऊ. जाताना चेहरा कसा ठेवायचा, हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. कुणी आलं नाही. संध्याकाळी ती गेली तेव्हा मैना झोपाळ्यात पडून बघत होती, तोंडाला भात सुकलेला.

"खाल्लं?" तिने विचारलं.

"खाल्लं की," धांदल म्हणाली. "आधी उडवलं माझ्या अंगावर. मग खाल्लं. थोडं मीही खाल्लं."

पहिला दिवस आहे, नवल वाटलं असेल, अशी इस्त्रीवालीने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई पाळीला होती. मैनेने तिच्याकडे मोजून दोन घास खाल्ले आणि दात मिटले. इस्त्रीवालीच्या जिवात जीव आला. घरी जाताना तिने मुलीचे मुकेच मुके घेतले. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा धांदलीचा दिवस आला, आणि पुन्हा वाटी रिकामी. बाकीच्यांची अडचण बघून धांदलीने सिनेमागृहातली वेळ बदलून घेतली आणि दुपारच्या जेवणापुरती ती रोज खोलीवर येऊ लागली. रोज वाटी रिकामी.

आणि मग ते हसू.

इस्त्रीवाली त्या दिवशी जरा लवकरच निघाली होती. गल्लीच्या वळणावर तिला खोलीतून एका मुलीचं हसणं ऐकू आलं. मोकळं, पोटातून येणारं, मध्येच अडखळून पुन्हा उसळणारं. तिला बरं वाटलं. कुणाची बरं पोरगी ही, असं म्हणत ती स्वतःशीच हसली, आणि दारात आली तर हसत होती मैना. मान मागे, तोंड उघडं, ताठ हात हवेत. समोर धांदल बसलेली, डोक्यावर सांडलेला भात. साहेब टाळ्या वाजवत होता.

स्वतःच्या मुलीचं हसू तिने ओळखलं नव्हतं. नऊ वर्षं ती शीळ ऐकत आली होती, आणि तेवढंच मैनेचं हसू आहे असं धरून चालली होती. हे हसू तिच्या घरात कधी आलंच नव्हतं.

कोपऱ्यात एका मुलाची आजी बसली होती, तिने गमतीने म्हटलं, "बघ गं बाई, माय मरो पण मावशी जगो!"

सगळ्या हसल्या. इस्त्रीवालीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मुलीला उचललं आणि तशीच बाहेर पडली.

त्या संध्याकाळी तिने घराचं दार लावून घेतलं आणि डोक्यावर भात सांडून पाहिला. मैना टक लावून बघत राहिली. आईला काय झालं, असा चेहरा. इस्त्रीवालीने केसांतून शितं काढली, आणि काढता काढता तिला रडू आलं.

त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मत्सर ही अशी गोष्ट आहे की ती माणसाला रिकामं बसू देत नाही. ती मैनेचे फ्रॉक दोन-दोनदा इस्त्री करू लागली, धांदलीला दिसावं म्हणून. वेण्या इतक्या घट्ट घालायची की मुलीच्या भुवया वर जायच्या. संध्याकाळी आणायला गेली की पहिल्यांदा डाग शोधायची. "हे काय? ही वेणी कोणी घातली? कानामागे भात आहे, मुंग्या लागतील ना!" धांदल हसून म्हणायची, "अगं, राहिला असेल." या "राहिला असेल"ने तर इस्त्रीवालीच्या नाकाला मिरच्या झोंबत. हिला साधं बटण लावता येत नाही, स्वतःचं पोर हिच्या हाताबाहेर, आणि माझी मुलगी हिच्यासाठी तोंड उघडते! असं काय आहे हिच्यात?

शेवटी तिने नर्सबाईंना गाठलं.

"बाई, ती घाईघाईने भरवते. घास मोठे देते. एखाद दिवशी पोरीच्या छातीत जाईल अन्न."

नर्सबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," इस्त्रीवाली म्हणाली. तिने पाहिलं नव्हतं.

अन्न छातीत जाणं म्हणजे काय, हे नर्सबाईंनी दवाखान्यात पुष्कळ पाहिलं होतं. त्या बाबतीत त्या गंमत चालवून घेत नसत. त्यांनी खोलात न जाता मैनेला भरवायचं काम दुसऱ्या बायकांवर सोपवलं, आणि धांदलीला सांगितलं, की तू दुपारी येऊ नकोस, तुझ्या पाळीच्या दिवशी तेवढी ये, आणि त्या दिवशीही मैनेला भरवू नकोस. धांदलीचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि साहेबाचा हात धरून निघून गेली. जाताना दारातलं पायपुसणं पायात अडकून पुढे गेलं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

इस्त्रीवाली जिंकली. पहिले दोन-तीन दिवस तिला झोपही छान लागली. खोलीवर मैना खात नाही, असा निरोप यायचा, ती इस्त्री खाली ठेवायची, ठरवून ठेवलेला चेहरा घेऊन जायची. "चला, माझ्याशिवाय नाही ना खात?" मांडी, हनुवटी, बोट, घास जिभेच्या मध्यावर.

मैनेने घास जिभेने बाहेर ढकलला.

पुन्हा दिला, पुन्हा ढकलला. दाराकडे बघत होती. दारातून कुणीतरी आत आलं की डोळे मोठे व्हायचे, आणि ती धांदल नाही असं दिसलं की मिटायचे. घरी आणलं तरी तेच. शीळसुद्धा बंद. आठवडाभर कसेबसे चार घास, दूध, तेही रडत. मनगट आधीच काडीसारखं, ते आता दोन बोटांत मावू लागलं.

मैना रुसली होती. जिला साधी मान सांभाळता येत नाही, ती पोरगी आपल्याशी भांडते आहे, हे इस्त्रीवालीला कळत होतं. कळत होतं म्हणून जास्त लागत होतं.

त्या सुमारास नवरा घरी आला. अंघोळ करून, मुलीला मांडीवर घेऊन बसला आणि दचकला.

"अगं, हिला काय झालं? पार सुकली की पोरगी!"

"खात नाही."

"तू भरवलं तरी?"

इस्त्रीवाली फ्रॉकच्या घड्या घालत राहिली. नवऱ्याने थोडा विचार केला. साधा माणूस. "मागच्या खेपेला तू सांगत होतीस ना, त्या कोण बाईच्या हातचं चांगलं खाते म्हणून? तिलाच बोलाव की."

"तिला का बोलावू? मी मेले आहे का?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंत? मी भरवलेलं नको, तिचं हवं. म्हणजे मी कोण? उद्या तिलाच आई म्हणायला सांगा पोरीला!"

नवरा बघतच राहिला. "अगं," तो हळू आवाजात म्हणाला, "पोटात अन्न जाऊ दे आधी तिच्या. आई कोण ते नंतर ठरवू."

दुसऱ्या दिवशी तो ट्रकवर गेला, आणि इस्त्रीवाली धांदलीच्या दारात जाऊन उभी राहिली. एकच खोली, दोरीवर ओले कपडे, खाली तांदूळ सांडलेले, आणि दाराला आतून नाही तर बाहेरून मोठी कडी. साहेब कोपऱ्यात बसून डबे रचत होता. तिला पाहताच उठला, हात पसरले. "आई!"

"बस रे," धांदल म्हणाली. ती इस्त्रीवालीकडे वळली नाही. "काय काम काढलंस?"

"मैना खात नाही."

"मग मी काय करू? मी मोठे घास देते. माझ्याने पोरीचा जीव जाईल."

"मी तसं..."

"तसंच म्हणालीस. नर्सबाईंनी सांगितलं मला. तू पाहिलंस म्हणे." आता ती वळली. "कधी पाहिलंस गं? तू दारातून आत येतेस ती मुलीचा फ्रॉक बघत. मला कधी बघितलंस?"

इस्त्रीवाली ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. "नऊ वर्षं मी काढली आहेत! तू काल आलीस. हसवायला काय लागतं? रात्र रात्र मांडीवर घेऊन बसते मी, तेव्हा कुठे असतेस तू? माझ्याकडे बघून एकदा तरी हसली का ती तशी? एकदा तरी?"

धांदलीने खाली सांडलेले तांदूळ हाताने एका बाजूला लोटले. मग म्हणाली, "तुला जळायला मीच दिसले होय? आता माझं ऐक. तुझी मैना ठेवते तिथे राहते. माझा कडी लावली नाही तर बस थांब्यावर सापडतो. ते जाऊ दे. तुझ्या पोरीला तू कळतेस. तू गल्लीत शिरलीस की तिची मान वळते, तू अजून दिसतही नसतेस. आम्ही सगळ्या हसतो, म्हणतो, आली बघा हिची आई. आणि हा? हा तुला आई म्हणतो, मला आई म्हणतो, सिनेमाला आलेल्या बायकांना म्हणतो. मी तिथे झाडू मारत असते आणि माझा मुलगा परक्या बाईचा हात धरून आई म्हणत असतो. चौदा वर्षं झाली. त्याला मी कोण ते माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. आणि तू माझ्यावर जळतेस!"

डब्यांचा मनोरा कोसळला. दोघीही दचकल्या. साहेबाने टाळ्या वाजवल्या.

"चप्पल घालते," धांदल म्हणाली. "पोरीला उपाशी नाही ठेवायचं."

त्या दिवशी इस्त्रीवाली पहिल्यांदा खाली बसून धांदल कसं भरवते ते बघत होती. दोष शोधायलाच बसली होती, खोटं कशाला बोला. धांदलीने मैनेला उशांना टेकवून बसवलं. मान नीट होती, बोट हनुवटीखाली होतं, घास लहान होते. दोनदा समजावलेलं तिने सगळं ऐकलं होतं. पण भरवता भरवता ती बोलायची. सिनेमागृहात कोण आलं, कुणाची छत्री राहिली, मॅनेजर कसा घसरून पडला. बोलण्याच्या नादात घास हातातच राहायचा, हात हवेत फिरायचा, कधी कधी घास स्वतःच्याच तोंडात जायचा. आणि मैना वाट बघायची. वाट बघून बघून तोंड उघडायची. तरी लक्ष गेलं नाही तर ओरडायची, "आँ!" मग धांदल, "अगं बाई, राहिलंच की!"

मैनेला मागायला मिळत होतं. इस्त्रीवालीने तिला कधी मागू दिलंच नव्हतं. मुलीला भूक लागण्याआधी घास जिभेवर तयार.

कळलं, पण कळल्याने बरं वाटतं असं कुणी सांगितलं? इस्त्रीवाली घरी आली आणि उगाच भांडी घासत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र ती नर्सबाईंकडे गेली आणि म्हणाली, की मी पाहिलं नव्हतं. नर्सबाई तिला वाटेल ते बोलल्या. छातीत अन्न जाऊन गेलेली पोरं मी माझ्या हाताने गुंडाळली आहेत, असल्या गोष्टी तोंडाला येतील तशा बोलायच्या नसतात, म्हणाल्या. इस्त्रीवालीने मान खाली घालून ऐकलं. धांदल पुन्हा दुपारी येऊ लागली.

खरी गंमत पुढे झाली, ती इस्त्रीवालीच्या स्वतःच्या पाळीच्या दिवशी. आतापर्यंत ती पाळीला यायची ती कामं करायची, फरशी पुसायची, कपडे धुवायची, आणि हात रिकामा झाला की मैनेजवळ. दुसऱ्यांची मुलं ती अगदी लागेल तेवढीच उचलायची. त्या दिवशी एक दीड वर्षाचं नवीन मूल आलं होतं, पाय वळलेले, सारखं रडत होतं. बरोबरची बाई दुसरीकडे अडकली होती. इस्त्रीवालीने त्याला उचललं, खांद्यावर टाकलं, थोपटलं. ते शांत झालं. तिने नकळत त्याच्या टाळूवर ओठ टेकवले.

मागून असा हंबरडा आला की नर्सबाईंच्या हातातून थर्मामीटर पडला.

मैना. चेहरा लालभडक, हात ताठ, डोळे आईवर रोखलेले. ठसका नव्हता, ताप नव्हता, काही टोचलं नव्हतं. नर्सबाईंनी तपासून पाहिलं. इस्त्रीवालीने बाळ खाली ठेवलं. आवाज बंद. तिने परत उचललं. हंबरडा.

इस्त्रीवाली तशीच उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, मी त्या दिवशी जुन्या चादरी द्यायला गेले होते. तिची मुलगी तिच्यासाठी जळत होती. जी आग स्वतःच्या पोटात घेऊन ती फिरत होती, तीच पोरीच्या डोळ्यांत होती, आणि ती तिच्यासाठी होती.

"बाई," ती नर्सबाईंना म्हणाली, "हिला माझा राग आला!"

"आला तर आला. खाली ठेवा ते मूल, कान फुटतील."

पण तिने लगेच नाही ठेवलं. जरा वेळ थांबली, बाळाला आणखी एकदा थोपटलं, मैनेकडे बघत बघत. त्या दिवशी तिने हे चारदा केलं असेल. निर्लज्जपणे. शेवटी मैनेजवळ बसली तेव्हा मुलीने मान फिरवून घेतली, रुसून, आणि इस्त्रीवाली तिच्यासमोर बसून अशी हसली, की मैना चोरून बघायला लागली, आणि बघता बघता तिलाही हसू फुटलं. तेच, पोटातून येणारं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोघी मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. त्या रोज भांडतात. मैनेची चाकांची खुर्ची कोणी ढकलायची, तिला कुठला रंग आवडतो, यावरून. धांदलीने तिला हसवलं की इस्त्रीवालीचा ओठ अजून मुडपतो. ते जात नाही. तिने ते घालवायचा प्रयत्नही सोडला आहे.

पण मागच्या थंडीत धांदलीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साहेब आता पंचविशीच्या पुढचा, कुणाकडे ठेवायचा? इस्त्रीवाली कुणी विचारायच्या आत म्हणाली, "माझ्याकडे." आणि त्याला घरी नेलं. साहेब दिवसभर तिच्या मागे, "आई, आई." दर खेपेला ती हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "मी काकू. आई दवाखान्यात आहे." तो म्हणायचा, "आई." ती म्हणायची, "काकू." गिऱ्हाइकं कंटाळली, घरी मैना कंटाळून ओरडू लागली, पण तिने एकदाही चालवून घेतलं नाही. मी म्हटलंसुद्धा, "अगं, म्हणू दे की, तेवढंच त्याला बरं वाटतं."

"त्याला वाटेल," ती म्हणाली. "तिला काय वाटेल, ते मला विचारा."

धांदल घरी यायच्या सुमारास साहेब इस्त्रीवालीला "काकू" म्हणायला लागला. इस्त्रीवाली हरखून गेली. त्याला धुतलेले कपडे घालून, भांग पाडून धांदलीच्या खोलीवर घेऊन गेली. धांदल खाटेवर पडली होती. साहेब आत शिरला, आईला पाहिलं, हात पसरले आणि मोठ्याने म्हणाला, "काकू!"

"अगं सटवे!" धांदल पोटावरचे टाके धरून ओरडली. "होतं नव्हतं तेही घालवलंस माझं!"

मग पुन्हा सुरुवात. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. इस्त्रीवाली रोज संध्याकाळी जायची, धांदलीकडे बोट दाखवायची, "ही आई." स्वतःकडे, "मी काकू." साहेब कधी बरोबर सांगायचा, कधी दोघींना उलटं म्हणायचा, कधी भिंतीवरच्या पालीलाही काकू म्हणायचा. हल्ली बहुतेक वेळा बरोबर म्हणतो. सिनेमागृहातल्या बायकांना तो आता काकू म्हणतो. धांदलीने हे मला जिन्यात थांबवून सांगितलं, सांगताना हातातली बादली कलंडली, आणि सगळं पाणी इस्त्रीवालीच्या टेबलाखाली गेलं.

"डोळे फुटले का गं?" इस्त्रीवाली आतून ओरडली, आणि फडकं घेऊन बाहेर आली.